गोटा केलेली शतावरी

आमच्या भावोजींना कुणालाही नकार देता येत नाही. काही माणसांना पोहता येत नाही, काहींना शिट्टी वाजवता येत नाही, तसंच हे. 'नाही' हा शब्द त्यांच्या जिभेच्या टोकापर्यंत येतो, तिथे जरा घुटमळतो आणि 'हो' होऊन बाहेर पडतो.

भावोजींचं केस कापायचं दुकान आहे, आणि त्यांच्या मते हा दोष त्यांचा नसून धंद्याचा आहे. "मेव्हणे," ते मला समजावतात, "ज्याच्या गळ्यावर आपण वस्तरा धरलाय त्याच्याशी वाद घालू नये. त्याला धाकधूक होते." यात तथ्य आहे. पण त्यामुळे झालंय असं, की खुर्चीतला माणूस म्हणाला की पूर्वीची माणसं फार भली होती, की भावोजी म्हणतात, "हो ना." तो उठतो, दुसरा बसतो आणि म्हणतो की पूर्वीची माणसं पक्की लबाड होती. भावोजी म्हणतात, "अगदी खरंय." दोन मतांच्या मधे फक्त कापड झटकलेलं असतं.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण त्या दुकानात एक कट्टा आहे. दुकान भावोजींनी घेण्याआधी तिथे धान्य विकायचे, तेव्हा पोती ठेवण्यासाठी भिंतीला लागून सिमेंटचा हा ऐसपैस कट्टा बांधलेला होता. भावोजींनी त्याच्यावर फरश्या बसवल्या आणि गिऱ्हाइकांना थांबायची सोय केली. तेव्हापासून त्या कट्ट्यावर निवृत्त मास्तर, दातांचे डॉक्टर आणि टेंपोवाला असे तिघे थांबलेले आहेत. त्यांचे केस कापून होतात, दाढी होते, तरी ते थांबलेलेच असतात. डॉक्टरांचा दवाखाना समोरच आहे. पेशंट आला की कंपाउंडर खिडकीतून हात करतो. टेंपो दारात उभा असतो. मास्तरांना तर कुठे जायचंच नसतं. तिघेही सल्ला देण्यात तरबेज, आणि भावोजी तो घेण्यात. अशी जोडी जमल्यावर काय होणार होतं ते आता तुम्ही ऐका. मी चार वर्षं ऐकतोय.

माझ्या ताईचं घर म्हणजे दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर. ताई पडदे शिवते, शाळेचे गणवेश शिवते, मोटारींच्या बैठकांची कव्हरंसुद्धा शिवते. तिचं शिलाई मशीन निजायच्या खोलीत, पलंगाला खेटून आहे. म्हणजे मशीनसमोर वेगळी खुर्ची मावत नाही; ताई पलंगावर बसते आणि शिवते. रात्री निजायच्या वेळी पलंगावरचे पडदे उचलून मशीनवर ठेवायचे, सकाळी मशीनवरचे पलंगावर. मधल्या काळात टाचण्या कुठे जातात याचा पत्ता भावोजींच्या पाठीला असतो.

स्वयंपाकघराच्या मागच्या दाराबाहेर जमिनीची एक पट्टी आहे, दोन पलंग एकापुढे एक ठेवले तर बसतील एवढी. ताईचा त्या पट्टीवर डोळा होता. तिथे पत्र्याची शेड घालायची, मशीन बाहेर न्यायचं आणि माणसासारखं खुर्चीत बसून शिवायचं. गवंड्याशी तिचं बोलणंही झालं होतं. नेमक्या त्याच आठवड्यात भावोजींनी जाहीर केलं की त्या पट्टीत ते शतावरी लावणार आहेत.

औषधात मुळं घालतात ती नव्हे, तिच्या कुळातली कोंब खायची शतावरी. जमिनीतून बोटाएवढा जाड हिरवा कोंब सरळ वर येतो. शेंडा कळीसारखा मिटलेला, जरा जांभळट. तो कोवळा असतानाच मोडायचा आणि लोण्यात परतून खायचा. नाही मोडला तर त्याला फाटे फुटतात आणि छातीएवढा उंच, केसांसारखा बारीक, भुरभुरता पाला होतो.

"पण शतावरीच का?" मी विचारलं. "मिरच्या लावा. कोथिंबीर लावा."

भावोजींनी इकडे तिकडे पाहिलं. ताई आत मशीनवर होती, खडखड चालू होती. मग ते हळूच म्हणाले, "तुमच्या ताईनं लग्नाआधी एका हॉटेलचे टेबलावरचे कपडे शिवले होते. ते द्यायला गेली तेव्हा तिथल्या आचाऱ्यानं तिला एक ताट खायला घातलं. लोण्यातले शतावरीचे कोंब. लग्न झालं त्या वर्षी मला सांगत होती. तसं पुन्हा कधी खाल्लं नाही म्हणाली."

हा माणूस दुकानातून येताना पांढरा दोरा आणायला सांगितला तर काळा आणतो. पण पंचवीस वर्षांपूर्वीचं ते एक ताट त्याच्या डोक्यात जसंच्या तसं होतं. मी ताईला विचारलं तर ती म्हणाली, "मी असं म्हणाले होते? असेन बाई. भूक लागली असेल."

तरी शेवटी करार झाला. तीन वर्षं पट्टी भावोजींची. तीन वर्षांत ताईला शतावरीचं एक ताट, पोटभर, स्वतःच्या जमिनीतलं. नाही जमलं तर गवंडी येणार आणि फरशी घालणार. भावोजी म्हणाले, "हो." ते दुसरं काय म्हणणार?

मुळं आणायला मीही गेलो होतो. रोपवाटिकेच्या बाईंनी कागदात गुंडाळलेले गड्डे आमच्या हातात दिले. फरशी पुसून पुसून झिजलेला पोछा उलटा धरावा तसे ते दिसत होते. बाईंनी सांगितलं, "चर खणा, मधे मातीचा उंचवटा करा, त्याच्यावर हे पाय फाकवून बसवा आणि माती घाला. आणि मग काही करू नका. पहिली दोन वर्षं एक कोंबसुद्धा मोडायचा नाही. पाला वाढू द्यायचा. पाला उन्हातून जे खातो तेच मुळात साठतं, आणि त्याचाच पुढच्या वर्षी कोंब होतो. पाला आपणहून पिवळा पडला की मगच कापायचा. आणि मुळं जागची हलवायची नाहीत. लक्षात राहील?"

"हो," भावोजी म्हणाले.

पहिल्या वसंतात दाभणासारखे कोंब वर आले, भावोजींनी ते न मोडता राहू दिले, आणि उन्हाळ्यापर्यंत पट्टीवर हिरव्या धुक्यासारखा पाला उभा राहिला. फार सुंदर दिसायचा. पण भावोजींना तो बघवत नव्हता. कारण तो कसाही वाढला होता; एक झुपका इकडे, एक तिकडे, कानांवर आलेला, मानेवर रुळलेला. ते मागच्या दारात उभे राहायचे आणि त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं आपोआप कात्रीसारखी उघडमिट व्हायची.

हे त्यांनी बोलता बोलता दुकानात सांगितलं. इथेच घात झाला.

टेंपोवाला कट्ट्यावरून म्हणाला, "मग गोटा करा की."

"गोटा?"

"तुळतुळीत. एकदा मुळापासून उडवला की दाट येतो. मला कोण म्हणालं होतं? तुम्हीच ना? दोनदा गोटा करा, जावळासारखे दाट येतील म्हणालात. मी दोनदा केला."

सगळ्यांनी टेंपोवाल्याच्या डोक्याकडे पाहिलं. दिवा लावलेला नसतानाही ते चमकत होतं.

"अजून येतायत," टेंपोवाला जरा घाईने म्हणाला. "वेळ लागतो."

आता भावोजींची पंचाईत बघा. टेंपोवाल्यालाच काय, विरळ केसांच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्यांनी आयुष्यभर हेच सांगितलं होतं. त्यांच्या वडिलांनी सांगितलं होतं, म्हणून त्यांनीही. रोपवाटिकेच्या बाईंचा शब्द पाळावा तर टेंपोवाल्याला तोंडावर सांगावं लागणार की बाबा, तुझे दोन्ही गोटे फुकट गेले. आणि तो दर पंधरवड्याला दाढीला येणार, खुर्चीत बसणार आणि विचारणार, "केला का गोटा?" हातात वस्तरा असताना खोटं बोलायचं नाही, हाही त्यांच्या धंद्याचा एक नियम.

सोमवारी, दुकानाच्या सुट्टीला, त्यांनी पट्टीचा गोटा केला. भर उन्हाळ्यात, हिरव्यागार पाल्याचा. मी गेलो तेव्हा जमिनीलगत खुंट तेवढे दिसत होते आणि भावोजी केरसुणीने पाला गोळा करत होते. कडा मात्र एकसारख्या होत्या. तेवढं कौशल्य नाकारता येणार नाही.

"बाई काय म्हणाल्या होत्या, भावोजी?"

"त्यांचंही बरोबर आहे," भावोजी म्हणाले.

दुसऱ्या वसंतात कोंब आले ते विणकामाच्या सुयांसारखे. टेंपोवाला म्हणाला, एक गोटा कमी पडला. पण आता पाळी डॉक्टरांची होती. डॉक्टर म्हणाले, "दोष मुळात आहे. वरून काही केलं तरी उपयोग नाही. मूळ काढा, पाहा, साफ करा, जरा उन्हाच्या बाजूला बसवा." दातांच्या माणसाकडून दुसरा कुठला सल्ला येणार होता? थंडीत भावोजींनी सगळे गड्डे उकरले, पाण्यात धुतले आणि भिंतीच्या सावलीतून उन्हाच्या टोकाला नेऊन लावले. मुळं तुटली. त्यांना बाईंचा शब्द आठवत होता. उकरतानाही आठवत होता. "पण डॉक्टरसाहेब खिडकीतून विचारत होते हो," ते मला काकुळतीने म्हणाले. "रोज. पेशंटच्या तोंडात आरसा घातलेला असायचा आणि मला विचारायचे, हलवली का?"

मास्तरांनी मीठ सुचवलं होतं. तण मरतं म्हणे. ते प्रकरण लवकर मिटलं, कारण भावोजींनी स्वयंपाकघरातली बरणीच नेली आणि जेवणं अळणी झाल्यावर ताईने चौकशी केली.

तिसऱ्या वसंतात, म्हणजे कराराची मुदत भरली तेव्हा, पट्टीत जे आलं त्याला कोंब म्हणणं म्हणजे टेंपोवाल्याच्या डोक्यावरच्या लवेला केस म्हणण्यासारखं होतं. ताई मागच्या दारात आली. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या. टाचण्या काढून तिने हातात घेतल्या आणि म्हणाली, "झाली तीन वर्षं. बोलवू गवंड्याला?"

"हो," भावोजी म्हणाले.

आणि चप्पल पायात घालून तडक माझ्याकडे आले. खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "मेव्हणे, मी हो म्हणून बसलो."

मला त्या क्षणी त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. तीन वर्षं हा माणूस त्या पट्टीसमोर उकिडवा बसून एकेक तण उपटत होता, आणि ती वाचवायला एक शब्द लागत होता, तोही दोन अक्षरांचा. पण माणूस समोर असा बसला होता, भिजलेल्या टॉवेलसारखा. मी ताईकडे गेलो.

ताई माझ्यावरच घसरली. "तू त्यांची वकिली करू नकोस. मी तीन वर्षं पलंगावर पाय दुमडून पडदे शिवतेय. माझी कंबर बघ. त्यांना मास्तरांना नाही म्हणता येत नाही, टेंपोवाल्याला नाही म्हणता येत नाही. मग सगळ्या जगाला हो म्हणायचा खर्च माझ्या कमरेनं का भरायचा?"

मग तिनेच विचारलं, "ते काय करतायत?"

"माझ्याकडे बसलेत."

"जेवले का?"

"अजून तरी नाही."

तिने मशीनचं चाक उगाच अर्धं फिरवलं. "एक वर्ष," ती म्हणाली. "पुढच्या वसंतात एक ताट. अर्धं नाही, पाऊण नाही, ताट. नाहीतर मी कुणाला विचारणार नाही."

मी भावोजींना घेऊन पुन्हा रोपवाटिकेत गेलो. बाईंनी विचारलं, "पाला कापलात?"

"हो."

"हलवलीत?"

"हो."

"आणखी काही?"

"थोडं मीठ."

बाई बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "जात चिवट आहे म्हणून जगली. आता वर्षभर हात लावू नका. आणि कृपा करून घरात दुसरं काही जिवंत पाळू नका."

"हो," भावोजी म्हणाले.

ते वर्ष भावोजींना फार जड गेलं. पाला वाढला, कानांवर आला, मानेवर आला. संध्याकाळी दुकानातून आले की ताई दारातच त्यांच्या खिशातली कात्री काढून घ्यायची. मग ते पट्टीसमोर दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. दुकानात टेंपोवाला दुसऱ्या गोट्याची आठवण करून द्यायचा, तेव्हा भावोजी म्हणायचे, "हो, करायचाय." डॉक्टर म्हणाले, एकदा मूळ बघून घ्या, भावोजी म्हणाले, "हो, बघायचंय." ही युक्ती त्यांना कुणी शिकवली मला माहीत नाही, पण वर्ष निभावलं. पाला पिवळा पडला तेव्हा त्यांना कात्री परत मिळाली. त्या दिवशी त्यांनी तासभर लावून पाला कापला, कडेची माती ब्रशने झटकली, आणि मला वाटतं सवयीने मागे हाताचा आरसाही धरणार होते.

आणि चौथ्या वसंतात कोंब आले.

काय कोंब होते ते. ताईच्या अंगठ्याएवढे जाड, ताठ, माती फोडून वर आलेले. दोन दिवस हवा ऊबदार होती. सकाळी बोटाच्या पेराएवढा दिसलेला कोंब संध्याकाळी वीतभर व्हायचा. भावोजी दुकान उघडायला उशीर करू लागले. मी पाहायला गेलो तर ताईसुद्धा मागच्या दारात उभी होती, पण मी आल्यावर म्हणाली, "मी आपली फडकं वाळत घालायला आले होते." हातात फडकं नव्हतं.

ठरलं असं: रविवारी ताट. ताईचा शिवणकामाला सुट्टीचा दिवस. ताट झालं तर पट्टी कायमची भावोजींची. सोमवारी गवंडी यायचा होता. पण ताट नाही झालं तरच.

भावोजींनी ही बातमी गुप्त ठेवायला हवी होती. पण मास्तरांनी खुर्चीतून विचारलं, "काय म्हणते तुमची शतावरी?" आणि हातात वस्तरा होता.

गुरुवारी डॉक्टर बघायला आले. "शेवटी मुळाचंच काम होतं," म्हणाले, आणि खाली वाकून सगळ्यात जाड कोंब कटकन मोडला. "आवाज ऐकलात? ताजा असला की असा मोडतो." आणि उभ्या उभ्या कच्चाच खाल्ला. "छान आहे. आणखी एक घेतो, कंपाउंडरला दाखवायला."

"घ्या ना," भावोजी म्हणाले.

शुक्रवारी टेंपोवाला. त्याने टोपी काढून पट्टीकडे आदराने पाहिलं. "बघा. गोट्याचा गुण उशिरा दिसतो." तो मूठभर घेऊन गेला. बायकोला खात्री पटवायची होती म्हणाला, कोंबांची नव्हे, डोक्याची.

त्या संध्याकाळी ताईचा मला फोन आला. आवाज अगदी शांत. तिचा आवाज शांत झाला की मी लहानपणापासून घाबरतो. "तुझे भावोजी माझं ताट वाटतायत," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्यात हवा गार झाली. शतावरी थंडीत वर यायची थांबते. मातीत डोकी दिसत होती पण हलत नव्हती. जे उभे होते तेवढेच, आणि तेवढ्यात ताट होणं कठीणच होतं, पण कोंब जाड होते. पसरून मांडले तर झालंही असतं.

शनिवारी मी मुद्दाम दुकानात जाऊन कट्ट्यावर बसलो. केस कापायचे नव्हते, राखणीला बसलो होतो. मास्तर खुर्चीत होते, तोंडाला फेस, मान मागे. भावोजींनी वस्तरा उघडला. मास्तर डोळे मिटून म्हणाले, "उद्या माझी बहीण येतेय. तिला तुमची शतावरी दाखवीन म्हणालोय. सकाळी येतो पिशवी घेऊन. फार नको, पाच-सहा पुरेत."

मी भावोजींकडे आरशात पाहिलं. त्यांनीही माझ्याकडे आरशातच पाहिलं. वस्तरा मास्तरांच्या गळ्यापासून बोटभर अंतरावर थांबला होता. भावोजींचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. ओठ हलले. आणि मी शपथेवर सांगतो, त्यातून आवाज आला. अगदी बारीक, पण आला. "नाही."

"काय म्हणालात?" मास्तरांनी एक डोळा उघडला.

भावोजी घाबरले. "मान जरा खाली म्हणालो," ते म्हणाले.

मास्तरांनी मान खाली केली. "मग येतो सकाळी."

"हो," भावोजी म्हणाले.

मी उठलो आणि दुकानाबाहेर जाऊन उभा राहिलो. काही वेळा आत बसणं शक्य नसतं.

रविवारी सकाळी मी ताईकडे पोचलो तेव्हा भावोजी दुकान न उघडता स्वयंपाकघरात स्टुलावर बसले होते. त्यांनी आदल्या संध्याकाळीच ताईला सगळं सांगून टाकलं होतं. लपवणं हा त्यांचा दोष कधीच नव्हता. लोण्याची वाटी ओट्यावर होती. मागचं फाटक वाजलं आणि मास्तर पिशवी हलवत आले. भावोजी उठले. ताईने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना परत बसवलं आणि स्वतः दारात गेली.

"मास्तर," ती म्हणाली, "कोंब मिळायचे नाहीत. चहा मिळेल."

"असं का?" मास्तर म्हणाले. "बरं बरं. मी आपलं सहज विचारलं होतं. चहा नको, बहिणीला घ्यायला जायचंय." त्यांनी पिशवीची घडी घातली, खिशात ठेवली आणि जाता जाता म्हणाले, "मीठ घातलं होतं ना त्यांनी? त्याचाच गुण."

फाटक पुन्हा वाजलं. झालं. एवढंच. ज्याच्या भीतीने भावोजींनी आयुष्यभर हो म्हटलं, ते चहा गाळायला लागतो त्याहून कमी वेळात उरकलं होतं. मास्तर रागावले नव्हते, रुसले नव्हते, केस कापायला दुसरीकडे जाणारही नव्हते. भावोजी उघड्या दाराकडे बघत बसले. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका नव्हती. उलट कुणीतरी फसवल्यासारखा तो दिसत होता.

"तुला हे कसं जमतं?" त्यांनी ताईला विचारलं.

"शब्द तोंडातून बाहेर काढायचा आणि तोंड मिटायचं," ताई म्हणाली. "तुम्ही उघडंच ठेवता, म्हणून मागून हो येतो. जा, घेऊन या."

भावोजींनी कोंब आणले. लोण्यात परतायचं कामही त्यांनीच केलं, वरून मीठ-मिरपूड घातली आणि ताट ताईसमोर ठेवलं. मला कुणी विचारलं नाही. आम्ही दोघे समोर बसून तिच्या तोंडाकडे पाहत राहिलो. ताईने पहिला कोंब खाल्ला. दुसरा खाल्ला. तिसऱ्यापासून तिने काटा बाजूला ठेवला आणि हाताने खाल्ले.

"कसे आहेत?" भावोजींनी न राहवून विचारलं.

"हॉटेलातले याहून मऊ होते," ताई म्हणाली. मग ताटातलं उरलेलं लोणी तिने बोटाने पुसून घेतलं. "पण ते मला कुणीतरी दिले होते. लावले नव्हते माझ्यासाठी."

भावोजींनी मान खाली घातली. पण ताई ही ताई आहे. तिने रिकाम्या ताटाकडे नीट पाहिलं, पडद्याचं माप घेतल्यासारखं, आणि म्हणाली, "हे ताट झालं नाही. बशी झाली. ठरलं होतं ताट."

"हो," भावोजी म्हणाले. ते खोटं आहे असं त्यांच्याने म्हणवेना.

"म्हणजे उद्या गवंडी येणार."

"हो."

सोमवार उजाडला. मी भावोजींच्या सोबतीला गेलो होतो. भावोजी पट्टीकडे तोंड करून उभे होते; फावडं उचलून आत येणारा गवंडी त्यांना बघायचा नव्हता. बराच वेळ झाला, कुणी आलं नाही. मग कंपाउंडर धावत आला आणि म्हणाला, "अहो, तुमच्या दुकानात तोडफोड चाललीये."

दुकान सोमवारी बंद असतं; किल्ली ताईने सकाळीच भावोजींच्या सदऱ्यातून काढून घेतली होती. आम्ही पोचलो तेव्हा गवंड्याने कट्ट्याच्या अर्ध्या फरश्या उखडल्या होत्या आणि सिमेंटवर घण घालत होता. ताई भिंतीला टेप लावून मोजत होती. "मशीन इथे," ती म्हणाली. "खिडकीपाशी. उजेड चांगला आहे. खुर्ची मावते. तुमच्या पट्टीपेक्षा लांबीला जास्तच आहे."

"पण ते तिघे कुठे बसणार?" भावोजींनी विचारलं.

"ज्याचे केस कापायचे असतील तो खुर्चीत बसेल," ताई म्हणाली. "बाकीच्यांना घरं आहेत."

आता दुकानात एकीकडे कात्री चालते आणि दुसरीकडे मशीन. मास्तर, डॉक्टर आणि टेंपोवाला अजूनही येतात, पण उभे राहतात. आणि उभ्या माणसाला फार वेळ सल्ला देता येत नाही, गुडघे बोलू लागतात. टेंपोवाला एकदा गोट्याविषयी काही बोलायला गेला तेव्हा मशीन थांबलं. ताईने त्याच्या डोक्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "मी नंतर येतो."

हवा पुन्हा ऊबदार झाली आणि शतावरीने जे द्यायचं ते सगळं भरभरून, उशिरा दिलं. ताईला एक सोडून पुष्कळ ताटं मिळाली. तिला त्याची चटकच लागली. सकाळी दुकानात जाण्याआधी ती मागच्या दारात जाऊन उभी राहायची, आता फडक्याचं निमित्तही सांगत नसे.

मग एके दिवशी नवे कोंब पेन्सिलीसारखे बारीक येऊ लागले. रोपवाटिकेच्या बाईंनी बजावलं होतं की बारीक यायला लागले की थांबायचं, पाल्याला वाढू द्यायचं, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा विणकामाच्या सुया. त्या संध्याकाळी मी तिथेच होतो. ताई म्हणाली, "अजून पाच-सहा आहेत की. काढा आजच्यापुरते."

भावोजी पट्टीसमोर हात पाठीमागे बांधून उभे होते. त्यांचा चेहरा त्या शनिवारसारखा लाल होऊ लागला.

"नाही," भावोजी म्हणाले.

"काय म्हणालात?" ताईने विचारलं.

मी मनात म्हटलं, आता मान जरा खाली येणार. पण भावोजींनी तोंड मिटून घेतलं होतं. ते एकदाच उघडलं. "नाही म्हणालो." आणि पुन्हा मिटलं.

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळली. तिच्या नजरेत राग होता आणि तो अगदी खरा होता.

"बघ," ती मला म्हणाली. "सगळ्या गावाला हो म्हणत जन्म काढला, आणि पहिला नकार नेमका माझ्या ताटाला."